सेन्सेक्सला ब्रेक आहे, सोयाबीनला का नाही?

केंद्रीय अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांना खुले पत्र

मा. अर्थमंत्री महोदया,



शेतमालाच्या भावाचं गाऱ्हाणं कृषिमंत्र्यांकडे न्यायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. ती मोडून हे पत्र आपल्याला लिहितो आहे, कारण खाद्यतेलावर किती आयात शुल्क बसवायचं, कापसावरचं कधी माफ करायचं, याच्या अधिसूचना आपल्या महसूल विभागातून निघतात. शेतमालाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, चालू ठेवायचे की बंद, हे सेबी ठरवते. 2015 मध्ये जुना वायदेबाजार आयोग सेबीत विलीन झाला, तेव्हापासून शेअर आणि सोयाबीन एकाच छपराखाली नांदतात. म्हणजे दलाल स्ट्रीट काय आणि आमचं मार्केट यार्ड काय, दोघांच्या नाड्या आपल्याच खात्याच्या हातात. मग एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असं का, एवढंच विचारायचं आहे.

आमचं साखरखेर्डा आपल्या ऐकण्यात नसेल. बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेड राजा तालुक्यातलं, म्हणजे जिजाऊंच्या माहेरच्या मुलखातलं हे गाव. 1724 च्या ऑक्टोबरात इथे निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझ खान यांची लढाई झाली. दिल्लीच्या दरबाराला निजाम जड झाला होता; त्याला हटवण्यासाठी मुबारिझ खानाला आतून फूस मिळाली आणि त्याचा निकाल लागला आमच्या शिवारात. मुबारिझ खान पडला, निजाम दख्खनचा धनी झाला, गावाला त्याने फत्तेखेर्डा असं नाव दिलं. नाव काही टिकलं नाही. पण दिल्लीत ठरतं एक आणि शिवारात होतं भलतंच, याचा आमचा अनुभव तीनशे वर्षांचा आहे, हे आपल्या माहितीसाठी.

आता मूळ मुद्दा. राजकीय निर्णयाने शेअर बाजार कोसळतो हे कुणाला शिकवायला नको. 2004 च्या मे महिन्यात वाजपेयी सरकार हरलं, डाव्या पक्षांच्या टेकूवर नवं सरकार येणार हे दिसू लागलं. भाकपचे ए. बी. बर्धन (ते आमच्या विदर्भातलेच, नागपूरचे) निर्गुंतवणूक गेली खड्ड्यात अशा अर्थाचं बोलले, आणि 17 मेच्या सोमवारी सेन्सेक्स दिवसभरात 842 अंकांपर्यंत घसरला. व्यवहार दोनदा थांबवावे लागले. मनमोहन सिंगांना धीर देणारं निवेदन काढावं लागलं. दिवस संपला तेव्हा घसरण 565 अंकांवर, म्हणजे 11 टक्क्यांवर आली होती.

2007 मध्ये तर निर्णयही झाला नव्हता. परदेशी पैसा ज्या पी-नोट्समधून येतो त्यांवर बंधन घालण्याचा नुसता प्रस्ताव सेबीने 16 ऑक्टोबरच्या संध्याकाळी मांडला. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला आणि काही मिनिटांत 1,700 अंक गेले. लगेच सर्किट लागलं, तासभर खरेदी-विक्री बंद. त्या तासाभरात अर्थमंत्री चिदंबरम यांनी समोर येऊन सांगितलं की बंदी घालायची नाही, घाबरू नका. संध्याकाळी घसरण उरली 336 अंकांची. तो तास मला फार महत्त्वाचा वाटतो. सरकारच्या एका कागदाने बाजार घाबरला, नियमाने त्याला थांबवलं, मंत्र्याने खुलासा केला आणि लोकांनी शांत डोक्याने पुन्हा भाव ठरवला.

हा नियम 2001 पासून आहे. निर्देशांक 10, 15, 20 टक्के हलला की सगळे व्यवहार ठरावीक वेळ थांबतात. वरच्या दिशेलाही थांबतात. 18 मे 2009 ला मनमोहन सिंग सरकार परत आलं म्हणून बाजार इतका उसळला की दिवसभरासाठी बंदच करावा लागला.

आणि 4 जून 2024. एक्झिट पोलच्या जोरावर 3 जूनला सेन्सेक्स अडीच हजारांनी चढला, दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू झाली आणि तो 4,390 अंकांनी आपटला. गुंतवणूकदारांचे सुमारे 31 लाख कोटी रुपये एका दिवसात गेल्याचं सगळ्या वाहिन्या सांगत होत्या. 4 जूनच्या आधी शेअर घेऊन ठेवा, हा सल्ला देशाच्या गृहमंत्र्यांनीच एका मुलाखतीत दिला होता. त्यावरून संयुक्त संसदीय समितीकडून चौकशीची मागणी झाली. आमच्या गावातही हल्ली पोरांच्या फोनवर डीमॅट खाती आहेत, त्यांचे चेहरे त्या दिवशी पाहण्यासारखे होते. पण शुक्रवारी, 7 जूनला, सेन्सेक्स 76,693 वर बंद झाला. म्हणजे 3 जूनच्याही वर. ज्याने शेअर विकले नाहीत त्याचं काहीच गेलं नाही. तीन दिवस झोप गेली असेल.

आता त्याच फोनवरचा दुसरा बाजार बघा. सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर प्लांटचे रेट येतात. सोयाबीनचं तेल आणि पेंड काढणारे कारखाने त्या दिवशी काय भावाने माल घेणार, त्याची ती यादी. तिच्यावरून मेहकर, चिखली, खामगावचे व्यापारी आपला भाव काढतात आणि मेहकरच्या भावातून भाडं-हमाली वजा करून गावातला खेडा खरेदीवाला आपला. 2021 च्या ऑगस्टमध्ये या यादीतला आकडा दहा हजारांच्या वर गेला होता. आमच्या आयुष्यात असा भाव कुणी बघितला नव्हता. हमीभाव होता 3,950. शेतात पीक फुलोऱ्यात, आणि शेंगा भरण्याआधीच घराघरात हिशेब सुरू: ट्रॅक्टरचा हप्ता, विहिरीचं राहिलेलं बांधकाम, लेकीचं लग्न.

24 ऑगस्टला केंद्राने जनुक बदललेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला मुभा दिली. त्या बियाण्याची लागवड करायला इथल्या शेतकऱ्याला मनाई आहे. परदेशातल्या शेतकऱ्याने पिकवलं तर त्याची पेंड मात्र चालते. कारण होतं पोल्ट्रीवाल्यांच्या खाद्याचं, आणि तेही खोटं नव्हतं. मग तेलावरचं शुल्क टप्प्याटप्प्याने खाली येत गेलं आणि 14 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावर आलं. त्याच महिन्यात साठ्यावर मर्यादा. आमची सोंगणी तेव्हा ऐन रंगात होती, गंज्या लागल्या होत्या, थ्रेशर रात्रीचे चालत होते. दिवाळीच्या तोंडावर भाव पाच हजारांच्या आसपास आला. अडीच महिन्यांत निम्मा.

सगळं सरकारनेच पाडलं असं मी म्हणणार नाही. नवा माल बाजारात आला की भाव उतरतोच, जगातही तेव्हा चढ-उतार होते, आणि दहा हजारांचा भाव कायम टिकेल असं व्यापारी सोडा, आम्हीही मानत नव्हतो. पण सेन्सेक्स अडीच महिन्यांत निम्म्यावर आला असता, तर आपल्या पूर्वसूरींनी आणि आपण किती पत्रकार परिषदा घेतल्या असत्या? आमच्याकडे ना सर्किट लागलं, ना कुणी समोर येऊन खुलासा केला. उलट 20 डिसेंबर 2021 ला सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदेच बंद केले. एका वर्षासाठी म्हणाले होते. नंतर मुदत वाढत गेली, आणि 2025 मध्ये ती 31 मार्च 2026 पर्यंत नेली.

वायदे बंद होण्याचा इथे काय संबंध, वायद्यात शेतकरी थोडाच खेळतो, असं दिल्लीत म्हणतात. खरं आहे, आमच्या गावातल्या एकानेही वायद्याचा सौदा केलेला मला माहीत नाही. पण पुढच्या महिन्यांचा भाव काय दिसतोय, हे कळण्याची तेवढी एक खिडकी होती. माल आत्ता विकावा की तुरीसोबत जानेवारीत, याचा अंदाज त्यावरून बांधता यायचा. व्यापाऱ्यालाही पुढचा भाव बांधून घेता येत असल्याने तो जरा सैल हाताने बोली लावायचा. आता त्याला धोका वाटतो तेवढा तो आमच्या भावातून कापून घेतो. वायदे बंद केल्याने तेल काही स्वस्त झालं नाही, ही गोष्ट आयआयटी मुंबईच्या व्यवस्थापन संस्थेच्या अभ्यासातही येऊन गेली. तरी बंदी वाढतच गेली. निर्देशांक कोसळला की बाजार थोडा वेळ बंद होतो. सोयाबीनचा भाव वाढला म्हणून त्याचे वायदे चार वर्षं बंद.

मला यातली एक गोष्ट जवळून सांगू द्या, कारण ती मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांतून दिसत नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर मार्केट यार्डात ढीग पडलेले असतात. व्यापारी आणि त्याचा मुनीम ढिगाजवळ येतात. मूठभर दाणे उचलून तळहातावर पसरतात, फुंकर मारतात, एखादा दाणा दाताखाली धरतात. मग पेल्याएवढ्या यंत्रात दाणे घालून मॉइश्चर बघतात. हमीभावाने सरकारी खरेदी करणाऱ्या नाफेडला 12 टक्क्यांच्या आत ओलावा लागतो. परतीचा पाऊस पडलेल्या मालात तो पंधरा, सोळा, कधी अठरा भरतो, आणि अशा मालाला हमीभावाचं दार बंद. मग हर्रास सुरू होतो. एकेचाळीसशे, एकेचाळीस पंचवीस, एकेचाळीस पन्नास, झालं. पाऊण मिनिट पुरतं. शेतकऱ्याने मान हलवली नाही तर त्याला माल परत न्यावा लागतो, आणि परतीचं भाडं कोण देणार? सोंगणीची मजुरी द्यायची आहे, थ्रेशरवाला उभा आहे, हरभरा पेरायला डीएपीची पोती आणायची आहेत, सोसायटीचं कर्ज आहे, दिवाळी आहे. तो मान हलवतो.

शेअरवाला आणि सोयाबीनवाला यांच्यात फरक पडतो तो इथे. 4 जूनला ज्याने कळ काढली त्याला शुक्रवारी सगळं परत मिळालं. आमच्या शेतकऱ्याला कळ काढण्याची ऐपतच नसते. त्याने एकदा काटापट्टी घेतली की त्या मालाचा आणि त्याचा संबंध संपला. पुढे महिनाभराने भाव पाचशेनं चढला तर तो व्यापाऱ्याचा. म्हणून बाजार पाडणारा निर्णय कोणत्या तारखेला येतो, याला आमच्याकडे जेवढी किंमत आहे तेवढी शेअर बाजारात नाही. आणि नेमके आपले बरेच निर्णय ऑगस्ट ते ऑक्टोबर याच दिवसांत येतात.

तारखा तुम्हालाही सांभाळता येतात, हेही आम्ही पाहिलं आहे. 2024 मध्ये विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. 15 नोव्हेंबरला केंद्राने सोयाबीनच्या सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची अट 12 वरून 15 टक्के केली. चांगला निर्णय. तो दसऱ्याआधी आला असता तर आणखी चांगला झाला असता. त्याच वर्षी 14 सप्टेंबरला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क 20 टक्के झालं, एकूण 27.5. थोडे दिवस आमच्याकडे आशा होती. पुढच्या वर्षी 30 मेला ते पुन्हा 10 टक्क्यांवर, एकूण 16.5. पेरणीच्या तोंडावर. 2025 च्या खरिपाचा हमीभाव 5,328 जाहीर झालेला असताना भाव चार हजारांच्या खाली-वर घुटमळला.

पेंडेचंही असंच. सोयाबीनमध्ये तेल अठरा टक्के, बाकी सगळी पेंड. भाव ठरतो तो मुख्यत: पेंडेवर. इथेनॉलसाठी मका आणि तांदूळ वापरायला सरकारने प्रोत्साहन दिलं, त्यातून उरणारा चोथा जनावरांचं आणि कोंबड्यांचं खाद्य म्हणून स्वस्तात येऊ लागला आणि सोयापेंडेची मागणी त्याने खाल्ली. इथे कोणतीही रात्रीची अधिसूचना नव्हती, कुणाचा वाईट हेतू नव्हता. आमच्या जिल्ह्यात मका करणाऱ्याचं त्यात भलंही झालं. पण इथेनॉलचं धोरण ठरवताना सोयाबीनवाल्याचा विचार कुणी केला होता का?

परदेशातल्या निर्णयांचा परिणामही चुकत नाही, हे वऱ्हाडला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस लिव्हरपूलला जाईनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत गेला, प्रेमचंद रायचंद आणि मंडळींनी बॅक बेच्या भरावाच्या कंपनीचे शेअर आकाशाला नेले. 1865 च्या एप्रिलमध्ये जनरल ली शरण आला, युद्ध संपलं. 1 जुलै 1865 ला मुंबईत मुदतीचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा पैसे कुणाकडेच नव्हते. शेअर रद्दीच्या भावात गेले, बँक ऑफ बॉम्बे बुडाली. इतिहासात ही मुंबईची शेअरची दिवाळखोरी म्हणून नोंदली गेली. कापूस पिकवणाऱ्याचं काय झालं, ते त्या कहाणीत शोधावं लागतं. पुढे 1870 मध्ये लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वेचं उद्घाटन करायला आले, कारण कापूस तर इंग्रजांना हवाच होता. भाव त्यांचा, रेल्वे त्यांची.

2025 चा कापूस त्याच चालीने गेला. ट्रम्प साहेबांनी एप्रिलच्या सुरुवातीला जगावर आयात कर लावला आणि 7 एप्रिलला सेन्सेक्स 2,227 अंकांनी पडला. तो पुढे सावरला. ऑगस्टच्या अखेरीस भारताच्या मालावर 50 टक्के कर लागू झाला. कापडवाल्यांना दिलासा हवा म्हणून आपण 11 टक्क्यांचं कापूस आयात शुल्क आधी 30 सप्टेंबरपर्यंत माफ केलं, मग लगेच 31 डिसेंबरपर्यंत. आमचा कापूस तेव्हा पात्या-बोंडांवर होता. वेचणी सुरू व्हायची, माल बाजारात यायचा आणि विकायचा, तो बराचसा काळ त्या सवलतीत बसला. वॉशिंग्टनच्या करामुळे तिरुपूरचा शिंपी अडचणीत येऊ नये हे मला पटतं. त्याचा भार बुलढाण्याच्या कापूसवाल्याने उचलावा, हे कुणी आणि कोणत्या बैठकीत ठरवलं?

उलट बाजू मला दिसत नाही असं समजू नका. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. तेलाची पिशवी आमच्या घरातही दुकानातूनच येते, आणि भाव वाढला की आमच्याच घरात पहिली बोंब होते. महागाई आवरणं आपलं काम आहे. आमची हरकत त्या कामाला नाही, ते आमच्या ढिगावर उभं राहून करण्याला आहे. शहरातल्या ग्राहकाला पाच रुपये स्वस्त तेल द्यायचं तर त्याचा खर्च तिजोरीतून करा, अर्थसंकल्पात लिहा, संसदेत मतदानाला टाका. आयात शुल्क खाली आणलं की तो खर्च कोणत्याच कागदावर येत नाही. येतो तो आमच्या काटापट्टीवर.

बुलढाण्यात यावरून लोक रस्त्यावर आले. 2023 च्या फेब्रुवारीत शेतकरी नेते रविकांत तुपकरांचं आंदोलन झालं, लाठीमार झाला, अटका झाल्या. 2024 च्या लोकसभेत तुपकर अपक्ष उभे राहिले आणि अडीच लाखांच्या जवळपास मतं घेऊन तिसरे आले. मी त्यांचा कार्यकर्ता नाही, आणि त्यांची सगळी भाषणं मला पटतातच असंही नाही. पण ही मतंही त्याच 4 जूनला मोजली गेली, ज्या दिवशी आपण सगळे सेन्सेक्सकडे बघत होतो.

आमचं मागणं फार मोठं नाही. मार्केट यार्डात सर्किट लावा, दहा टक्के भाव पडला की हर्रास बंद करा, असं मी म्हणत नाही. माल घेऊन आलेला माणूस यार्डात रात्र काढेल आणि पाऊस आला तर उरलेलाही जाईल. आमचं सर्किट वेगळं हवं. तेल, पेंड आणि कापूस यांचं आयात शुल्क पेरणीपूर्वी, मेअखेरपर्यंत जाहीर करा आणि ते दिवाळीनंतर डिसेंबर संपेपर्यंत हलवू नका. फारच अडचण आली आणि हलवावं लागलंच, तर बाजारभाव हमीभावाच्या खाली असताना शुल्क कमी करता येणार नाही, अशी अट आपणच आपल्यावर घालून घ्या. 2007 मध्ये चिदंबरम तासाभरात बोलले होते. आमच्या भावावर परिणाम करणारी अधिसूचना निघाली की आठवड्याभरात तिचा उद्देश, मुदत आणि शेतकऱ्यावर पडणारा भार, हे तीन रकाने भरून जाहीर करा. त्याला पैसा लागत नाही.

आणि वायद्यांचं. 2025 मध्ये वाढवलेली बंदीची मुदत 31 मार्च 2026 ची होती. 2025 मध्ये सेबीचा निर्णय मुदतीच्या अगदी तोंडावर, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला. आमच्याकडे पाडव्याला सालगडी ठरतो, मक्त्या-बटाईचे बोल होतात, घरच्या सोयाबीनमधून बियाण्याला किती कट्टे बाजूला काढायचे ते तेव्हाच बघतात.  वायदे सुरू करणार असाल तर आणि बंदच ठेवणार असाल तरी, जे काय ते कारणांसह पाडव्याच्या आधी सांगा.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक
साखरखेर्डा, ता. सिंदखेड राजा, जि. बुलढाणा